अंगणातल्या पत्र्याच्या शेडला पर्लिन किती फुटांवर घ्यावी?

स्क्रू सगळे जागेवर होते. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वॉशर, आणि वॉशरला चिकटून राहिलेली नखाएवढी पत्र्याची चकती, कडा फाटलेली. बाकीचा पत्रा रस्त्यापलीकडच्या उसात जाऊन पडला होता. खानापूर तालुक्यातल्या एका किराणा दुकानापुढचं ते शेड मी स्वतः उभं केलं होतं, धंद्यात पडून दुसरंच वर्ष होतं. एप्रिलचा वळीव आला, जेमतेम दहा मिनिटं वारं सुटलं आणि शेड गेलं. नशिबाने खाली कुणी नव्हतं.

काम करताना मी दुकानदाराला सांगितलं होतं, "काका, चार माणसं वर चढली तरी हलणार नाही." ते खरंच होतं. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या नळ्या, पाच-पाच फुटांवर होत्या, वजनाने पत्रा वाकला नाही. मी वरून येणाऱ्या वजनाचा विचार केला होता आणि खालून शिरणाऱ्या वाऱ्याचा केलाच नव्हता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आज गल्लोगल्ली पत्र्याची शेडं होतायत. गाडी लावायला, दुकानापुढे सावलीला, गोठ्यापुढे, कार्यालयाच्या दारात. काम शिकणारी नवी पोरं आणि स्वतः उभं राहून काम करून घेणारे घरमालक, दोघांसाठी हे लिहितोय.

पहिल्यांदा शब्द. पत्रा ज्या आडव्या पाईपांवर किंवा सी चॅनलवर बसतो ती पर्लिन. दोन पर्लिनमधलं अंतर म्हणजे पत्र्याचा स्पॅन. पर्लिन ज्या तिरक्या नळीवर बसते ती राफ्टर. दुकानात जाऊन 'डेक शीट' मागू नका, आपल्याकडे त्या नावाने स्लॅबखाली घालायचा जाड पत्रा देतात. छपरासाठी 'कलर कोटेड प्रोफाइल शीट' म्हणा, किंवा साधा नालीदार पत्रा हवा असेल तर तसं सांगा.

आधी वारा मोजा

आपल्या देशात वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ भाग ३ या मानकावरून करतात. त्यात पुणे आणि पणजी ही दोन्ही शहरं ३९ मीटर प्रतिसेकंद या मूळ वेगात धरली आहेत. आपण दोघांच्या मधे, म्हणून मी कुठलंही उघडं शेड ३९ धरूनच करतो. ताशी १४० किलोमीटर होतात. रोज असा वारा येत नाही हे मान्य, पण हा आकडा पन्नास वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या क्षणभराच्या झोताचा आहे आणि शेड उडायला क्षणच पुरतो.

वेगावरून दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. म्हणजे ३९ × ३९ × ०.६, साधारण ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर. आपल्या भाषेत चौरस मीटरला ९३ किलो. आता पत्र्याचं वजन बघा. अर्धा मिलीमीटरचा प्रोफाइल पत्रा चौरस मीटरला पाच किलोच्या आत भरतो. पाच किलोचा पत्रा खाली ओढतोय आणि नव्वद किलोचा वारा त्याला वर उचलतोय. मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच.

बंद घराच्या छपराला वारा मुख्यतः वरूनच ओढतो. उघड्या शेडला तो वरून ओढतो आणि खालून ढकलतो, दोन्ही एकदम. त्यात एका बाजूला भिंत असली की आत शिरलेल्या वाऱ्याला पुढे वाट नसते, तो वरच सरकतो. निपाणीकडे शेडखाली तंबाखूची बोदं रचतात, दुकानापुढे सिमेंटची पोती असतात, ट्रॅक्टर उभा असतो. असा अडथळा आला की उचल वाढते. मानकातही उघडं छप्पर आणि खाली माल भरलेलं छप्पर यांचे आकडे वेगळे दिलेत. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारा: खाली काय ठेवणार?

जागा कुठली तेही बघा. शहापूर-वडगावच्या दाटीत वारा अडतो. येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगडाच्या उतारावर कुणाचं फार्महाऊस असेल तर तिथे वारा चढावर दाबला जाऊन वेग घेतो. डोंगराच्या माथ्याला आणि उतारालगत मानक वेगात ३६ टक्क्यांपर्यंत वाढ धरायला सांगतं. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो पावणेदोनपटीच्याही वर जातो. अशा जागी आपल्या अंदाजाने काम करू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरकडून आकडे घ्या.

मग पत्रा हातात घ्या

पत्रा विकत घेताना दोन जाडी असतात आणि दुकानदार मोठी तीच सांगतो. एक टोटल जाडी, म्हणजे पोलाद अधिक वरचा लेप. दुसरी बेस मेटल, म्हणजे नुसतं पोलाद. जस्त-ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या लेपाच्या पत्र्यात ०.४७ टोटल असेल तर आतलं पोलाद ०.४२ असतं. ०.५० असेल तर ०.४५ च्या आसपास. ताकद पोलादाची असते, रंगाची नाही. स्पॅनचा तक्ता बघताना तो कुठल्या जाडीसाठी लिहिलाय हे विचारून घ्या. गेजच्या, म्हणजे जाडीच्या जुन्या क्रमांकाच्या, आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. खिशात एक मायक्रोमीटर ठेवा आणि गाडी रिकामी व्हायच्या आधी चार पत्रे मोजा. मी मोजायला लागल्यापासून दोनदा गाडी परत पाठवली आहे.

जाडीइतकीच उंचवट्याची उंची महत्त्वाची. साध्या नालीदार पत्र्याची नाली साधारण १८ मिलीमीटर खोल असते, प्रोफाइल पत्र्याचा उंचवटा २८-३० मिलीमीटर. वहीचा कागद सपाट धरला तर लोंबतो, त्याच्या घड्या घातल्या तर ताठ राहतो, तसंच हे. त्याच पोलादाचा जास्त उंचवट्याचा पत्रा जास्त अंतर झेलतो.

आता स्पॅन ठरवा

चांगल्या कंपनीचा पत्रा घेतलात तर तिचा स्पॅनचा तक्ता मागा. तक्त्यात आतल्या गाळ्याचं (गाळा म्हणजे दोन आधारांमधली जागा) आणि शेवटच्या गाळ्याचं अंतर वेगवेगळं दिलेलं असतं. शेवटचं नेहमी कमी. आणि तक्ता बंद इमारतीसाठी आहे की उघड्या शेडसाठी, तेही बघायला विसरू नका. बंद इमारतीचा आकडा उघड्या शेडला लावणं हीच आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

तक्ता नसेल, आणि गावातल्या रोल फॉर्मिंगवाल्याकडचा, म्हणजे यंत्रावर सपाट पत्र्याला उंचवटे पाडून देणाऱ्याकडचा, पत्रा असेल, तर लहान, सखल जागेवरच्या घरगुती शेडसाठी माझं माप हे: टोटल ०.५० जाडीचा, २८-३० मिलीमीटर उंचवट्याचा पत्रा असेल तर मधले गाळे चार फुटांच्या आत, दोन्ही टोकांचे गाळे साडेतीन फूट. साध्या नालीदार पत्र्याला तीन फूट. पत्रा भिंतीबाहेर किंवा शेवटच्या पर्लिनपुढे दहा इंचांपेक्षा जास्त लोंबता नको. माझ्या त्या शेडला दोन फूट लोंबत होता आणि फाटायला सुरुवात तिथूनच झाली होती, खुणा स्पष्ट दिसत होत्या.

"चाराचे पाच केले तर काय बिघडतं, एक पर्लिन वाचते," असं प्रत्येक मालक म्हणतो. बिघडतं ते असं. पत्र्यावरचा ताण अंतराच्या वर्गाने वाढतो, बाक चौथ्या घाताने. अंतर सव्वापट केलं तर ताण दीडपटीच्या वर आणि बाक जवळजवळ अडीचपट. अंतर दुप्पट केलं तर ताण चौपट, बाक सोळापट. बाक आला की पावसाचं पाणी तिथे थांबतं, आणि एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पंचवीस किलो. त्या वजनाने बाक आणखी वाढतो. वाचवलेली वीस फूट लांबीची पर्लिन, ६० बाय ४० चा दोन मिलीमीटर जाडीचा बॉक्स पाईप, अठरा किलोच्या आसपास भरते. तेवढ्या लोखंडासाठी कुणाच्या डोक्यावर पत्रा टांगून ठेवू नये.

टोकाचे गाळे लहान का, हेही समजून घ्या. कारणं दोन. कडेला आणि कोपऱ्यात वाऱ्याचा ओढा मधल्यापेक्षा दुपटीपर्यंत जातो. आणि सलग पत्रा तीन-चार पर्लिनवरून जातो तेव्हा टोकाच्या गाळ्याला एकाच बाजूने सलग आधार असतो, त्यामुळे तो जास्त हलतो. पत्रा शक्यतो एका लांबीत घ्या. मधे तोडून दोन तुकडे जोडले तर प्रत्येक तुकडा एकट्याने दोन पर्लिनवर पडतो. दोन गाळ्यांवरून सलग गेलेल्या पत्र्यापेक्षा त्याचा बाक दुपटीहून जास्त येतो.

एक शेड मापून दाखवतो

समजा, घरापुढे गाडीसाठी शेड करायचं आहे. भिंतीलगत वीस फूट लांब, पुढे बारा फूट. पत्रा बारा फुटी, सलग. एकूण १४४ इंच. भिंतीकडून चार इंचांवर पहिली पर्लिन. तिथून ४२ इंचांवर दुसरी, तिथून ४६ वर तिसरी, तिथून ४२ वर चौथी, आणि पुढे दहा इंच पत्रा बाहेर. चार, बेचाळीस, सेहेचाळीस, बेचाळीस, दहा. बेरीज १४४. चार पर्लिनमध्ये काम झालं, पाचवी लागली नाही, आणि कुठलाच गाळा चार फुटांना पोचला नाही.

पर्लिनचाही स्पॅन असतो, हे नवी पोरं विसरतात. पर्लिन स्वतः राफ्टर ते राफ्टर तुळईसारखी जाते. वीस फुटांत तीन राफ्टर घातले तर दहा फुटांचा गाळा येतो आणि ६० बाय ४० ची पर्लिन त्यात कमी पडते. चार राफ्टर, चार खांब घ्या, म्हणजे गाळा सहा फूट आठ इंचांचा होईल.

उतार फुटाला एक इंच, बारा फुटांना बारा इंच. नालीदार पत्रा असेल तर फुटाला दोन इंच. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस बेळगाव शहरापेक्षा कितीतरी जास्त आहे, तिथे मी प्रोफाइल पत्र्यालाही दीड इंच देतो.

आता उचल बघा. १२ बाय २० म्हणजे साडेबावीस चौरस मीटरच्या आत. ९३ किलोने गुणलं तर दोन टनांवर जातं. पत्र्याचं वजन सव्वाशे किलोही नाही, सगळा सांगाडा धरून चारशेच्या आसपास. उरलेली उचल कुणीतरी धरून ठेवायला हवी. निम्मी पुढच्या खांबांनी, निम्मी भिंतीने. खांबाचा खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल घेऊन काँक्रीटने भरला तर एका खड्ड्याचं वजन ५४० किलो होतं. चार खांबांना हे पुरतं. फूटभर खड्डा काढून त्यात खांब उभा करून वर सिमेंट लिंपणारे अजून आहेत. तो खड्डा ७० किलोचाही होत नाही.

भिंतीची बाजू नाजूक असते. खानापूरकडे जुन्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात. चिरा भोकाभोकांचा, त्यात अँकर फास्टनर (भोकात फुगून धरणारा बोल्ट) घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि जोर आला की भुगा होऊन निघतो. अशा भिंतीला आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी लावा. ते जमत नसेल तर भिंतीला हात न लावता तिच्या लगत चार खांब वेगळे उभे करा. खर्च वाढतो, पण भिंतही वाचते.

स्क्रू

स्पॅन बरोबर असूनही शेड उडतं ते स्क्रूमुळे. हिशेब करून बघा. कडेला उचल दुप्पट, म्हणजे चौरस मीटरला १८० किलो. पर्लिन १.२ मीटरवर, पत्र्याचे उंचवटे २० सेंटीमीटरवर. प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारला तर एका स्क्रूवर ४३ किलो. कडेपासूनच्या दुसऱ्या पर्लिनवर, पत्रा सलग असल्यामुळे, सव्वापट भार येतो: ५४ किलो. आणि एक उंचवटा सोडून एक स्क्रू मारला तर १०८. आपल्याकडे एक सोडून एक मारायचीच पद्धत आहे. माझ्या शेडला तसेच होते.

स्क्रू तुटत नाही. वाऱ्यात पत्रा वरखाली धडधडतो, स्क्रूच्या डोक्याभोवती तो पुन्हा पुन्हा वाकतो आणि तिथे बारीक चिरा पडतात. तार वाकवून वाकवून तोडतो तसं. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी नावाचं चक्रीवादळ आलं, त्यात असंख्य घरांचे पत्रे असेच स्क्रूभोवती चिरून गेले, आणि त्यानंतर तिथे पत्रा तपासायच्या पद्धतीच बदलल्या. म्हणून दोन्ही टोकांच्या पर्लिनवर, त्यांच्या आतल्या पर्लिनवर आणि शेडच्या दोन्ही बाजूंच्या कडेच्या पत्र्यांवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा. मधे एक सोडून चालेल, पण इतक्या लहान शेडला मी तिथेही सोडत नाही.

स्क्रू उंचवट्यावर मारा, नालीत मारला तर पाणी त्याच्यावरून वाहत राहतं. वॉशर नुसता टेकून किंचित दबेपर्यंत आवळा. वॉशर बाहेर फुगला किंवा उंचवटा चेपला तर जास्त झालं. पर्लिन दोन मिलीमीटर जाडीपेक्षा पातळ नको. सव्वा मिलीमीटरच्या पाईपमध्ये स्क्रूचा आटा धरत नाही, हाताने पिळला तरी फिरत राहतो.

पत्रे पूर्वेकडून घालायला सुरुवात करून पश्चिमेकडे या. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याला पाठ करून राहते. कापताना ग्राइंडर लावू नका, ठिणग्यांनी लेप जळतो. कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) कापा, आणि संध्याकाळी वर पडलेला लोखंडाचा चुरा मऊ झाडूने झाडून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके दिसतील.

काम करणाऱ्यांत निम्मे कानडी बोलणारे, निम्मे मराठी, हे इथलं नेहमीचंच. तोंडी सांगितलेलं माप एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना बेचाळीसचं अठ्ठेचाळीस होतं. मी पर्लिनच्या जागा वेल्डिंगच्या आधी खडूने राफ्टरवरच आखतो आणि बाजूला आकडा लिहितो. टेप पहिल्या खुणेवरच धरून पुढची सगळी मापं तिथूनच घेतो, एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात टेप सरकवत नेत नाही.

वरून वजन कधीच येत नाही असं नाही. पाला काढायला माणूस चढतो. खानापूरकडे वानरं कौलांवरून पत्र्यावर उड्या टाकतात, नारळ पडतो. दहा अंशांपर्यंतच्या छपराला मानक चौरस मीटरला ७५ किलो वरचा भार धरायला सांगतं, आणि वर दिलेल्या अंतरांत चांगला पत्रा तो झेलतो. तरी वर चढणाऱ्याला सांगा, स्क्रूची रांग दिसते तिथेच पाय ठेव, खाली पर्लिन असते. दोन रांगांच्या मधे नको.

पुढे बारा फुटांपेक्षा जास्त जायचं असेल, खांब नको असतील, किंवा खाली माणसं जमणार असतील, म्हणजे शाळा, कार्यालय, मंदिर, तर हे लिखाण बाजूला ठेवा आणि इंजिनियरकडून रेखाटन घ्या. त्याची फी एका पर्लिनच्या किमतीशी तोलायची गोष्ट नाही.

शेड झाल्यावर पहिला वळीव येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावा. कडेच्या आणि दुसऱ्या पर्लिनवरचे स्क्रू एकेक करून बोटाने चाचपा. वॉशरखाली पत्रा किंचित वर आलेला, भोक लांबट झालेलं किंवा वॉशरभोवती केसाएवढी चीर दिसली तर तो स्क्रू नुसता आवळू नका. त्याच उंचवट्यावर शेजारी नवा स्क्रू मारा, जुन्या भोकाला सीलंट लावा, आणि त्या गाळ्यात मधे आणखी एक पर्लिन घाला. किराणा दुकानापुढचं शेड मी स्वखर्चाने पुन्हा बांधलं तेव्हा पर्लिन साडेतीन फुटांवर घेतल्या. त्या काकांकडे अजूनही जातो, दरवर्षी मे महिन्यात, शिडी घेऊन.